ट्रॅक्टरवर घरी बसविलेली इलेक्ट्रॉनिक साधने का जळतात?

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारी छोटी इलेक्ट्रॉनिक साधने आता अनेक शेतकऱ्यांकडे घरच्या घरी तयार होऊ लागली आहेत. फवारणी यंत्राचे व्हॉल्व्ह बसल्या जागेवरून चालू-बंद करणारी पेटी, टाकीतील पाण्याची पातळी दाखविणारे दिवे, पेरणी यंत्राच्या नळीतून बी पडायचे थांबले की वाजणारा भोंगा, मोबाईलचा चार्जर अशी कितीतरी साधने सांगता येतील. घरातील आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला मुलगा सुटे भाग आणून सुटीच्या दिवशी ती जोडतो. टेबलावर ठेवून लहान बॅटरीवर चालवून पाहिले तर उत्तम चालतात. ट्रॅक्टरवर बसविल्यावरही आठ-पंधरा दिवस काम करतात आणि एका सकाळी अचानक गप्प होतात. उघडून पाहावे तर आयसीला तडा गेलेला असतो, किंवा जळाल्याची कोणतीच खूण दिसत नाही, पण साधन मात्र कायमचे बंद.

अशीच एक पेटी एका द्राक्ष बागायतदाराने आमच्याकडे तपासणीस आणली होती. ब्लोअरचे डावे-उजवे व्हॉल्व्ह चालविणारी ती पेटी एकाच हंगामात तीन वेळा जळाली होती. तिसऱ्या वेळी ऑक्टोबर छाटणीनंतरचे ढगाळ दिवस होते. डाऊनीची फवारणी एक दिवसही लांबविण्याजोगी नव्हती. पेटी बंद पडल्यामुळे व्हॉल्व्ह हाताने उघडझाप करण्यासाठी यंत्रामागे एक माणूस चालवावा लागला, आणि औषधाच्या तुषारात तो दिवसभर भिजला. मुलाच्या जोडणीत तशी चूक नव्हती. दर वेळी त्याने जळालेली आयसी बदलली होती, पण ती का जळते हे कोणी शोधले नव्हते. ते कारण पुढे येईलच.

बारा व्होल्ट हे नावापुरतेच

ट्रॅक्टरची बॅटरी आपण बारा व्होल्टची म्हणतो. तिच्यात सहा घरे असतात आणि पूर्ण भारित असताना प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट दाब देते, म्हणजे इंजिन बंद असताना दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. इंजिन चालू होऊन अल्टरनेटर बॅटरी भरू लागला की हा दाब १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. उलट सेल्फ मारताना तो क्षणभर ७-८ व्होल्टपर्यंत खाली येतो, बॅटरी थकलेली असल्यास त्याहूनही खाली. हे चढउतार साध्या मल्टिमीटरवर दिसतात आणि चांगल्या साधनाने ते सोसलेच पाहिजेत.

साधन जाळणारा दाब मात्र मल्टिमीटरवर दिसत नाही. मीटरवरचा आकडा सेकंदातून दोन-तीन वेळाच बदलतो आणि ही उसळी सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जाते. म्हणूनच 'मीटर लावून बघितले, चौदाच्या वर कधीच जात नाही, तरी जळते कसे?' हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो.

उसळी येते कोठून?

पाइपलाइनचे उदाहरण घेऊ. मोटार चालू आहे, लांबच्या पाइपलाइनमधून पाणी जोरात वाहत आहे, आणि कोणी टोकाचा कॉक एकदम बंद केला तर काय होते? वाहत्या पाण्याला जागच्या जागी थांबता येत नाही. त्याचा सगळा नेट पाइपच्या भिंतीवर येतो आणि कच्चा जोड निसटतो किंवा पाइप फुटतो. पंपाच्या नेहमीच्या दाबाला तोच पाइप वर्षानुवर्षे टिकलेला असतो.

तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉईलमधून, वाहणाऱ्या विजेचे वागणे असेच असते. रिले, हॉर्न, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, वायपरची मोटार या सर्वांत कॉईल असते. वीज वाहत असताना कॉईलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते व त्यात ऊर्जा साठते. स्विच बंद केला की या ऊर्जेला वाट उरत नाही आणि कॉईलच्या टोकांवर दाब उसळतो. बारा व्होल्टच्या साध्या रिलेची कॉईल जेमतेम शंभर-दीडशे मिलिअॅम्पिअर घेते, तरीही तो तोडताना तिच्या टोकांवर काही शे व्होल्टची उसळी क्षणभर येऊ शकते. ही उसळी बहुधा उलट्या दिशेची असते. एका तारेवर हॉर्न आणि आपली पेटी दोन्ही जोडलेली असतील तर प्रत्येक हॉर्नबरोबर पेटीला असा एक फटका बसत राहतो. एका फटक्याने आयसी मरेलच असे नाही, पण अशा फटक्यांनी ती कमकुवत होत जाते. आठ-पंधरा दिवस चालून बंद पडणाऱ्या साधनांत पुष्कळदा हेच घडलेले असते.

चालू इंजिनावर बॅटरी सुटली तर

याहून मोठी आणि घातक उसळी अल्टरनेटरमुळे येते. अल्टरनेटरच्या आत फिरणारा भागही एक मोठी कॉईलच असते. बॅटरी रिकामी असेल तर अल्टरनेटर तिच्यात भरपूर वीज ओतत असतो. अशा वेळी बॅटरीचे टर्मिनल निसटले तर एवढी वीज घेणारे कोणी उरत नाही. अल्टरनेटरचा रेग्युलेटर वीज कमी करू पाहतो, परंतु आतील चुंबकीय क्षेत्र ओसरायला वेळ लागतो आणि तोपर्यंत दाब चढतच जातो. वाहनांतील विद्युत साधनांच्या चाचणीसाठी असलेल्या आयएसओ १६७५०-२ या आंतरराष्ट्रीय मानकात, १२ व्होल्टच्या वाहनासाठी ही उसळी ७९ ते १०१ व्होल्टची आणि ४० ते ४०० मिलिसेकंद टिकणारी धरलेली आहे. अलीकडच्या अनेक अल्टरनेटरमध्ये हा दाब ३५ व्होल्टच्या आसपास रोखण्याची सोय आतच असते. आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरमध्ये ती असेल असे धरून चालू नये.

आता त्या बागायतदाराकडे वळू. त्याच्या फवारणीच्या ट्रॅक्टरची बॅटरी दोन वर्षांपासून उतरलेली होती. रोज सकाळी दुसऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी शेजारी ठेवून, तारा लावून तो इंजिन चालू करी, आणि इंजिनाने जीव धरला की लगेच तारा काढून ती बॅटरी परत नेई. स्वतःच्या बॅटरीचे टर्मिनलही सैल होते. जुन्या डायनॅमोच्या ट्रॅक्टरवर वडिलांच्या काळापासून हे असेच चालत आले होते, त्यामुळे यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटले नाही. तेव्हाच्या ट्रॅक्टरवर जळण्यासारखे होते तरी काय, दोन दिवे आणि एक हॉर्न! आता त्याच तारांवर नाजूक पेटी बसली होती आणि रोज सकाळी तिला मोठ्या उसळीचा धोका होता.

तेव्हा पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल कधीही काढू नये. टर्मिनल महिन्यातून एकदा साफ करून, घट्ट आवळून त्यावर ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे. पांढरा-हिरवा क्षार साचलेले टर्मिनल वरून घट्ट दिसले तरी आतून सुटलेलेच असते. दुसऱ्याची बॅटरी लावून इंजिन चालू करणे भागच असेल तर पेटीचा स्विच आधी बंद ठेवावा, आणि चालू झाल्यावर इंजिन मंद गतीवर ठेवून, दिवे लावून मगच तारा काढाव्यात. दिवे लागलेले असले म्हणजे थोडीफार वीज तरी घेतली जाते. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी लावून ट्रॅक्टर चालू करण्याचा प्रकारही काही ठिकाणी दिसतो. तो तर टाळावाच. चालू ट्रकच्या तारांवर २८ व्होल्टपर्यंत दाब असतो.

रेग्युलेटर म्हणजे संरक्षण नव्हे

घरी केलेल्या बहुतेक पेट्यांत ७८०५ नावाची तीन पायांची आयसी असते. ती बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करते, म्हणून तीच पेटीचे रक्षण करते असा समज आहे. तो चुकीचा आहे. ७८०५ ला आत येणारा दाब ३५ व्होल्टच्या वर चालत नाही. बाजारात तयार मिळणाऱ्या लहान बक कन्व्हर्टरवर बहुधा एलएम २५९६ ही आयसी असते. तिची कामाची मर्यादा ४० व्होल्ट आहे. ऐंशी-नव्वद व्होल्टच्या उसळीपुढे दोन्ही सारख्याच निकामी होतात आणि काही वेळा जाताना तो दाब पुढच्या भागांवर सोडून जातात. मुलांच्या आवडीचा अर्डुइनो उनो बोर्ड काहीजण थेट बॅटरीला जोडतात. त्याच्या पिनला शिफारस ७ ते १२ व्होल्टची आहे, म्हणजे इंजिन चालू असतानाचे नेहमीचे १४ व्होल्टसुद्धा शिफारशीच्या बाहेर जातात.

फ्यूजबद्दलही असाच गैरसमज आहे. फ्यूजची तार तापून वितळायला जो वेळ लागतो तेवढ्यात आयसी दहा वेळा जळून झालेली असते. फ्यूजचे काम आग रोखण्याचे आहे आणि त्यासाठी तो अत्यावश्यक आहे. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी वायरची काडी गुंडाळणे म्हणजे डिझेलच्या टाकीशेजारी शेगडी पेटविण्यासारखे आहे. पंपाच्या पेटीत बसवितात ती निळी चकती, एमओव्ही, काढून येथे लावणारेही भेटतात. ती २३० व्होल्टच्या लाइनसाठी केलेली असते. शंभर व्होल्टची उसळी तिला जाणवणारही नाही.

उसळी दारातच अडवावी

पाइपलाइनवर जास्तीचा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवितात, तेच काम विजेत टीव्हीएस डायोड करतो. (दुचाकीच्या नावाशी याचा काही संबंध नाही. दुकानात मागताना 'टीव्हीएस डायोड' असे पूर्ण नाव सांगावे.) नेहमीच्या दाबाला तो गप्प राहतो. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो वाट मोकळी करून वीज अर्थकडे वळवितो, आणि उसळी ओसरली की पुन्हा बंद होतो. तो धन आणि ऋण तारांच्या मध्ये आडवा जोडावा. त्यावरील पट्ट्याची बाजू धन तारेला यावी.

निवड करताना एक घोटाळा हमखास होतो. '१.५ केई' मालिकेतील टीव्हीएसवरचा आकडा हा तो ज्या दाबाला उघडतो तो दाब असतो, तर '५ केपी' मालिकेत तो आकडा म्हणजे ज्या दाबापर्यंत तो निश्चित बंद राहतो तो दाब. म्हणून १.५ केई २७ ए हा २५.७ ते २८.४ व्होल्टच्या दरम्यान उघडतो आणि ५ केपी २४ ए हा २६.७ ते २९.५ व्होल्टच्या दरम्यान. आकडे वेगळे असले तरी दोघांचे काम जवळपास सारख्याच दाबाला सुरू होते. पंधरा-सोळा व्होल्टचा टीव्हीएस घेतला तर संरक्षण अधिक चांगले होईल असे वाटते, पण चुकून कोणी २४ व्होल्ट जोडले की तोच आधी जळतो. त्यामुळे वरील दोनच प्रकार सुचवीत आहोत.

आता जोडणी पाहू. आपले साधन फार थोडी वीज घेणारे असेल, म्हणजे ५० मिलिअॅम्पिअरपर्यंत, तर काम सोपे आणि स्वस्त आहे. बियाण्याचा भोंगा, पातळी दाखविणारे दोन-चार दिवे ही साधने या गटात येतात. बॅटरीपासून निघालेल्या धन तारेवर प्रथम अर्ध्या अॅम्पिअरचा फ्यूज बसवावा. त्यानंतर ४७ ओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स, मग १-एन-४००७ डायोड, आणि त्याच्या पुढे १.५ केई २७ ए हा टीव्हीएस आडवा, असा क्रम ठेवावा. टीव्हीएसला समांतर १००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर व शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टचा लहान कपॅसिटर जोडून मग ७८०५ कडे जावे. या क्रमात रेझिस्टन्सचे महत्त्व मोठे आहे. १.५ केई टीव्हीएस दीड हजार वॅटचा म्हणतात, परंतु ती ताकद साधारण एक मिलिसेकंदाच्या धक्क्यापुरती असते. बॅटरी सुटल्याची उसळी त्याच्या शेकडो पट वेळ टिकू शकते. एकटा टीव्हीएस त्यात जळून जाईल. ४७ ओहम मध्ये असल्यास शंभर व्होल्टच्या उसळीतही त्यातून दीड अॅम्पिअरच्या आसपासच वीज जाते आणि बराचसा भार रेझिस्टन्स उचलतो. नेहमीच्या कामात त्यावर सव्वादोन-अडीच व्होल्टच खर्च होतात, त्याने ७८०५ चे काही अडत नाही.

डायोडमुळे आणखी दोन फायदे मिळतात. हॉर्न-रिलेकडून येणाऱ्या उलट्या उसळ्या त्याच्यापुढे जात नाहीत, आणि घाईत बॅटरी उलटी जोडली गेली तरी पेटी वाचते. कपॅसिटर मात्र ६३ व्होल्टचाच घ्यावा. १६ व्होल्टचा स्वस्त मिळतो म्हणून तोच सर्रास लावतात. इंजिन चालू असताना तो आपल्या मर्यादेला टेकलेला असतो आणि उन्हात तापून एक दिवस फुगतो.

व्हॉल्व्ह चालविणाऱ्या पेटीची गोष्ट वेगळी आहे. चार रिले एकदम ओढले गेले की तीनशे-चारशे मिलिअॅम्पिअर सहज लागतात. एवढी वीज ४७ ओहममधून जाऊ शकत नाही. येथे रेझिस्टन्स वगळावा. २ अॅम्पिअरचा फ्यूज, १-एन-५४०८ डायोड आणि ५ केपी २४ ए टीव्हीएस हा क्रम ठेवून पुढे ६० व्होल्टपर्यंत दाब सोसणारा कन्व्हर्टर लावावा. एलएम २५७६ एचव्ही ही आयसी त्या प्रकारची आहे, मात्र शेवटची 'एचव्ही' अक्षरे पाहून घ्यावीत. ७८०५ येथे नको, कारण भर उसळीत ५ केपी २४ ए च्या टोकांवर ३९ व्होल्टपर्यंत दाब राहू शकतो. स्पष्टच सांगायचे तर, जुन्या अल्टरनेटरवर पूर्ण ताकदीची उसळी आली तर हा टीव्हीएस स्वतः जळू शकतो. पण जळताना तो बहुधा शॉर्ट होतो, त्यामुळे फ्यूज उडतो आणि पेटी वाचते. आदल्या रात्रीच्या फ्यूजच्या आणि टीव्हीएसच्या खर्चात सकाळची फवारणी चुकत नाही. दोन्ही सुटे भाग ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत ठेवून द्यावेत.

सर्व भागांची नावे दुकानात इंग्रजी अक्षरांत असतात. ती कागदावर लिहून नेल्यास 'त्यासारखाच दुसरा' गळ्यात पडत नाही.

प्रत्येक कॉईलवर डायोड

दारात उसळी अडविण्याबरोबर ती जेथे जन्मते तेथेही बंदोबस्त करावा. आपण बसविलेल्या प्रत्येक रिलेच्या व सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या कॉईलवर एक १-एन-४००७ डायोड उलटा, म्हणजे पट्ट्याची बाजू धनकडे ठेवून, समांतर जोडावा. वीज तोडली की कॉईलमधील ऊर्जा या डायोडमधून फिरून तेथल्या तेथे विरून जाते. हा डायोड अगदी किरकोळ किमतीचा आहे आणि सर्वांत जास्त विसरला जाणाराही तोच आहे. तो सुलटा बसला तर सरळ शॉर्ट होईल, म्हणून पट्टा दोनदा तपासावा. व्हॉल्व्ह पेटीपासून लांब असेल तर डायोड व्हॉल्व्हच्या टर्मिनलवरच बसवून त्यावर स्लीव्ह चढवावी. पेटीत बसविला तर लांबच्या तारांतून उसळी फिरत राहते.

तारा कोठून घ्याव्यात?

हॉर्नच्या किंवा दिव्याच्या तारेला खाच पाडून तेथून वीज घेण्याची सवय सोडावी. पेटीसाठी बॅटरीपासून धन व ऋण अशा दोन स्वतंत्र तारा आणाव्यात. ऋण तारेऐवजी जवळचा बॉडी अर्थ घेतला तर सेल्फ मारताना त्यावरच दाबाचे चढउतार होतात. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर असावा. पेटीजवळ बसविला तर बॅटरीपासून पेटीपर्यंतची तार बोनेटखाली घासून उघडी पडल्यास तिला वाली राहत नाही. पेटीला स्वतःचा स्विच द्यावा आणि तो इंजिन चालू झाल्यावर लावावा, इंजिन बंद करण्यापूर्वी काढावा. पेटीत औषधाचे पाणी जाणार नाही अशी तिची जागा निवडावी. तांब्यावर चढणारी हिरवळ पाहिल्यावर औषध तारांचे काय करते ते कळते.

ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करायचे असेल तर इंजिन बंद करून बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडवावेत, पेटीचा प्लगही काढावा, आणि वेल्डिंगचा अर्थ जेथे डाग द्यायचा त्याच्या अगदी जवळ लावावा. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना २०२३ पासून प्रदूषणाचे जे नवे नियम लागू झाले, त्यानंतर आलेल्या अनेक ट्रॅक्टरवर इंजिनाचे नियंत्रण करणारी कंपनीची इलेक्ट्रॉनिक पेटी असते. तिच्या तारांना कोठेही हात लावू नये. आपले साधन थेट बॅटरीवरूनच जोडावे आणि वॉरंटी चालू असेल तर आधी विक्रेत्याला विचारून घ्यावे.

हंगाम सुरू होण्यापूर्वी टीव्हीएस तपासून घ्यावा. ट्रॅक्टर बंद करून, फ्यूज काढून, टीव्हीएसचे एक टोक सोडवावे आणि मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. एका दिशेने ०.५ ते ०.७ च्या आसपास आकडा आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही, असे आले तर तो शाबूत आहे. दोन्ही दिशांनी शून्य आले तर तो आपल्या पेटीसाठी कामी आला आहे. तो बदलावा, आणि नवा बसविण्यापूर्वी बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून पाहावे.